नजर उडी कशी मारते?

नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघाले की देवळाली, घोटी, इगतपुरी मागे पडतात आणि मग कसाऱ्याचा घाट लागतो. खिडकीबाहेर पाहण्यासारखे पुष्कळ असते. पण आमची एक सूचना आहे. एकदा तरी बाहेर न पाहता, बाहेर पाहणाऱ्या सहप्रवाशाच्या डोळ्यांकडे पहा. त्याचे बुबुळ एखाद्या खांबाबरोबर किंवा झाडाबरोबर हळूहळू मागे सरकते आणि मग एकदम झटक्याने पुढे येते. पुन्हा नवा खांब, पुन्हा सावकाश सरकणे, पुन्हा झटका. त्या माणसाला याची कल्पनाही नसते. विचारले तर तो म्हणेल, "मी नुसता बाहेर बघतोय."

जुन्या जर्मन वैद्यकीय पुस्तकांत डोळ्यांच्या या हालचालीला रेल्वेचेच नाव दिलेले होते. तिच्यात दोन वेगळी कामे एकामागून एक होतात. हलणाऱ्या वस्तूबरोबर सावकाश जाणे हे एक काम आणि नव्या वस्तूवर झटकन उडी मारणे हे दुसरे. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर पतंग उडवणारी मुले ही दोन्ही कामे दिवसभर करतात. आपल्या पतंगामागे नजर सरकत असते आणि बाजूने दुसरा पतंग काटायला आला की ती त्याच्यावर उडी मारते.

ही दोन कामे मेंदूचा एकच भाग करतो की वेगवेगळे भाग करतात? आणि उडीचा झटका नेमका कुठून येतो? या प्रश्नांची उत्तरे मिळायला शंभरहून अधिक वर्षे लागली. त्यातला एक महत्त्वाचा दुवा याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सापडला. तो इतिहास आपण या लेखात पाहू.

आरसा आणि रबरी नळी

प्रथम एक साधा प्रयोग. आरशासमोर उभे राहून आपल्याच डाव्या डोळ्याकडे पहा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. तुम्हाला तुमचे डोळे हललेले दिसतात का? दिसत नाहीत. ते कायम स्थिरच दिसतात. आता शेजारी मित्राला उभे करा. त्याला मात्र तुमचे डोळे हलताना स्पष्ट दिसतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी १९०० च्या सुमारास या गोष्टीकडे लक्ष वेधले होते. डोळा उडी मारत असतो त्या काळात मेंदू जवळजवळ काही पाहत नाही. म्हणूनच आपल्या नजरेच्या उड्या आपल्याला कळत नाहीत आणि म्हणूनच त्यांचा शोध लागायला इतका उशीर झाला.

आपण एक ओळ वाचतो तेव्हा नजर तिच्यावरून पाण्यासारखी वाहत जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती उड्या मारत जाते. थोडे थांबते, पुन्हा उडते. १८७९ च्या सुमारास जर्मन भाषक शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी पापण्यांना रबरी नळ्या लावून वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज ऐकला. ओळीभर अधूनमधून लहान खटके ऐकू येत होते. याच काळात पॅरिसमध्ये नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल आणि त्यांचे सहकारी वाचनाचा अभ्यास करत होते. या उड्यांना आज जगभर 'सॅकेड' म्हणतात. हा फ्रेंच शब्द मुळात घोड्याच्या लगामाला दिलेल्या हिसक्यासाठी वापरत.

डोळ्याला उड्या का माराव्या लागतात? हात समोर ताठ धरून अंगठ्याच्या नखाकडे पहा. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा जो लहानसा भाग अगदी स्पष्ट पाहू शकतो, त्याच्या वाट्याला जगाचा जेमतेम तेवढा तुकडा येतो, म्हणजे सुमारे दोन अंश. बाकीचे सगळे आपण अंधुकच पाहतो. मग सगळे जग स्पष्ट पहायचे तर तो लहान भाग इकडून तिकडे फिरवत रहावे लागते. जागेपणी आपण सेकंदाला साधारण तीन वेळा नजर उडवतो. उडी घेताना काही दिसत नाही, म्हणून ती जितकी लवकर संपेल तितके चांगले. तीस अंशांची मोठी उडीसुद्धा सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात पुरी होते. आपल्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींत हिची गणना होते.

सहा दोऱ्या, तीन चेता

प्रत्येक डोळा सहा लहान स्नायूंनी हलवला जातो. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या डोळ्यांपुढे आणा. या सहा दोऱ्या ओढण्याचे काम मेंदूतून निघणाऱ्या तीन चेता करतात. बारा मस्तिष्क चेतांच्या जोड्यांपैकी या तिसरी, चौथी आणि सहावी. तिसरी चेता चार स्नायूंना आज्ञा देते. शिवाय वरची पापणी उचलणे आणि बाहुली लहान करणे हीही कामे तिच्याकडे आहेत. चौथी एका तिरप्या स्नायूसाठी आणि सहावी डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या एका स्नायूसाठी.

या चेता जिथून निघतात ती जागा पहायची तर मेंदूच्या देठाकडे, म्हणजे मस्तिष्कस्तंभाकडे वळावे लागेल. मोठ्या मेंदूला पाठीच्या कण्यातील चेतारज्जूशी जोडणारा हा भाग अंगठ्याएवढ्या जाडीचा असतो. त्याचे वरून खाली तीन मजले आहेत. सर्वांत वर मध्यमेंदू, मधे 'पॉन्स' (लॅटिनमध्ये याचा अर्थ सेतू) आणि खाली मस्तिष्कपुच्छ. तिसऱ्या व चौथ्या चेतेची केंद्रे वरच्या मजल्यावर म्हणजे मध्यमेंदूत आहेत, तर सहावीचे केंद्र मधल्या मजल्यावर. ही विभागणी लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

चार टेकड्या

मध्यमेंदू पाठीमागून पाहिला तर त्यावर चार लहान उंचवटे दिसतात, वर दोन आणि खाली दोन. शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्यांना लॅटिनमध्ये 'टेकड्या' असेच नाव दिले. खालच्या दोन टेकड्यांचा संबंध ऐकण्याशी आणि वरच्या दोन टेकड्यांचा पाहण्याशी.

१८७० मध्ये रशियातील कझान येथील एमिलियान आदाम्यूक यांनी हॉलंडमध्ये उट्रेख्त येथे फ्रान्स डोंडर्स यांच्या प्रयोगशाळेत काम करताना प्राण्यांच्या या टेकड्यांना विजेचा सौम्य प्रवाह दिला. दोन्ही डोळे एकाच दिशेने, जोडीने वळले. टेकडीवरची जागा बदलली की वळण्याची दिशाही बदलली. एका ठिकाणच्या स्पर्शाने दोन्ही डोळे हलतात याचा अर्थ तिथे एकेका स्नायूची नव्हे, तर 'तिकडे पहा' अशी पूर्ण आज्ञा तयार होत असली पाहिजे.

पुढे १८८३ मध्ये पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ आंरी पारिनो यांनी काही विलक्षण रुग्णांचे वर्णन केले. या रुग्णांना डावी-उजवीकडे पाहता येई, पण वर पाहता येत नसे. दोन्ही डोळे सारखेच अडत. स्नायू लुळे नव्हते. अडचण मेंदूत होती, आणि पारिनो यांचे बोट याच टेकड्यांच्या परिसराकडे होते. मध्यमेंदूच्या मागच्या बाजूवर गाठीचा दाब आला तर नेमके हेच लक्षण दिसते, हे पुढे पक्के झाले. म्हणजे वर-खाली पाहणे आणि आडवे पाहणे यांची यंत्रणा मेंदूत एका जागी नाही, हा पहिला मोठा धागा.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या उपयोगाची. मासे, बेडूक, पक्षी यांच्या मेंदूत या वरच्या टेकड्यांच्या जागी असलेला भाग चांगलाच मोठा असतो. निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पाण्यातल्या माशावर झडप घालणारा पक्षी आणि माशीवर जीभ फेकणारा बेडूक लक्ष्याची दिशा ठरवतात ती याच भागाच्या मदतीने. आपल्या मेंदूत वर मोठी भर पडली, पण ही जुनी व्यवस्था मोडली नाही. तिच्याकडे नजर वळवण्याचे काम राहिले.

जे. जे. रुग्णालयातील नऊ कुटुंबे

आता मुंबईत येऊ. डॉ. नोशीर होरमसजी वाडिया (१९२५–२०१६) हे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेल्या जे. जे. रुग्णालयात चेताविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे येणाऱ्यांत एका प्रकारचे रुग्ण असत. तरुण किंवा मध्यम वयात चालताना तोल जाऊ लागलेला, बोलणे जड व तुटक झालेले, हाताने नेमके काम होत नाही. असे विकार लहान मेंदूच्या ऱ्हासाने होतात आणि त्यांतले कित्येक आनुवंशिक असतात, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. पण त्यांचे प्रकार इतके आणि एकमेकांत इतके मिसळलेले, की त्यांची वर्गवारी हा गोंधळाचाच विषय होता.

१९७१ मध्ये वाडिया आणि आर. के. स्वामी यांचा एक निबंध लंडनहून निघणाऱ्या 'ब्रेन' या नियतकालिकात आला. १८७८ पासून चालू असलेले हे नियतकालिक चेताविज्ञानात फार मानाचे समजले जाते. निबंधाचा विषय होता, आनुवंशिक असंतुलनाचा एक नवा प्रकार, ज्यात डोळ्यांच्या हालचाली मंद होतात. त्यात नऊ कुटुंबांची हकिगत होती.

यात नवे काय होते? डोळे मुळीच न हलणे हे वैद्यांना जुनेच माहीत होते. इथे तसे नव्हते. अशा रुग्णाला म्हणावे, "उजवीकडे ठेवलेल्या पेनाकडे पहा." डोळे पेनापर्यंत जातात, अगदी कोपऱ्यापर्यंत जातात. पण झटकन जात नाहीत, सरकत जातात. निरोगी माणसाची उडी आपल्याला जेमतेम टिपता येते. या रुग्णाचे बुबुळ जाताना आपण सबंध वाटभर पाहू शकतो. घड्याळाचा सेकंदकाटा टिकटिक न करता तरंगत फिरावा तसे. हालचालीची व्याप्ती शाबूत आणि वेग मात्र हरवलेला.

ज्याने फक्त 'डोळे दोन्ही बाजूंना जातात ना?' एवढेच पाहिले, तो तपासणीच्या कागदावर 'ठीक' असे लिहून मोकळा होईल. किती जातात याबरोबर किती वेगाने जातात हे पाहिले तरच लक्षण सापडते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. एक पेन, एक अंगठा आणि पाहणाऱ्याचे लक्ष एवढे पुरते.

आता पंचवटी एक्स्प्रेसमधला आपला सहप्रवासी आठवा. हा विकार बळावलेला माणूस त्या खिडकीशी बसला, तर त्याचे डोळे खांबाबरोबर मागे सरकतील, पण झटक्याने परत येणार नाहीत. ते एका बाजूला जाऊन तिथेच रेंगाळतील. कानात थंड पाणी घालून करतात त्या चाचणीतही असेच होते. या चाचणीचा उलगडा करणारे व्हिएन्नाचे रोबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसाचे डोळे या चाचणीत एका बाजूला सावकाश सरकतात आणि झटक्याने परत येतात, असे पुन्हा पुन्हा होते. या रुग्णांत सावकाश भाग राहतो आणि झटका नाहीसा होतो. म्हणजे मनाने मारलेली उडी काय किंवा आपोआप येणारा झटका काय, दोन्हींच्या मागे एकच यंत्र आहे आणि तेच बिघडले आहे. सावकाश सरकण्याचे यंत्र वेगळे. सुरुवातीचा आपला एक प्रश्न इथे सुटतो.

झटका येतो कुठून?

योगायोग असा की त्याच १९७१ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे रॉबर्ट वुर्ट्झ आणि मायकेल गोल्डबर्ग जाग्या माकडांच्या वरच्या टेकड्यांतील एकेका चेतापेशीचे संदेश टिपत होते. माकडाचा डोळा उडी घेण्याच्या जरा आधी तिथल्या काही पेशी भराभर संदेश पाठवू लागत. १९७२ मध्ये बाल्टिमोरच्या डेव्हिड रॉबिन्सन यांनी आदाम्यूक यांचाच प्रयोग, शंभर वर्षांनी, फार बारकाईने केला. टेकडीच्या पुढच्या भागाला प्रवाह दिला की लहान उडी, मागच्या भागाला दिला की मोठी. प्रवाह वाढवला म्हणून उडी वाढत नसे. उडी किती आणि कुठे, हे ठरत होते ते फक्त जागेवरून.

टेकडी म्हणजे एक नकाशा आहे, असा याचा अर्थ. भूगोलाच्या तासाला आपण नकाशावर बोट ठेवतो आणि मुले 'नाशिक' म्हणतात. बोट जोरात दाबले म्हणून नाशिक जळगावला जात नाही. डाव्या टेकडीवर उजवीकडच्या जगाचा आणि उजव्या टेकडीवर डावीकडच्या जगाचा नकाशा असतो. पेशींचा जो गट चेततो, त्या जागी नजर जाते.

पण नकाशा गाडी चालवत नाही. स्नायूंना जोराचा हिसका देणारे इंजिन वेगळे हवे. रॉबिन्सन यांनी १९६४ मध्येच दाखवले होते की डोळा त्याच्या खोबणीत एखाद्या दाट चिकट पदार्थात बसवल्यासारखा असतो. त्याला झटकन हलवायचे तर सुरुवातीला आवश्यकतेपेक्षा कितीतरी मोठा जोर द्यावा लागतो आणि नंतर तिथे टिकवून धरण्यापुरता बेताचा. हा सुरुवातीचा जोर देणाऱ्या पेशींना आपण 'झटका-पेशी' म्हणू. एरवी त्या गप्प असतात. त्यांना गप्प ठेवणाऱ्या पेशीही शेजारीच आहेत, नाहीतर नजर सारखी उडत राहिली असती. उडीच्या क्षणी हा लगाम सुटतो आणि झटका-पेशी सेकंदाला हजारापर्यंत संदेश सोडतात.

या झटका-पेशी दोन ठिकाणी आहेत. आडव्या उड्यांसाठी मधल्या मजल्यावर, पॉन्समध्ये, सहाव्या चेतेच्या केंद्राजवळ. वर-खालच्या उड्यांसाठी वरच्या मजल्यावर, मध्यमेंदूत, तिसऱ्या चेतेच्या केंद्राजवळ. मध्यमेंदूतला हा इवलासा पुंजका १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखला गेला. त्या कामात जीन ब्युटनर-एनेव्हर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा होता. आज्ञा देणारा नकाशा एक, इंजिने दोन. पारिनो यांच्या रुग्णांना वर पाहता येत नव्हते पण बाजूला पाहता येत होते, त्याचे कारण आता स्पष्ट झाले.

वाडिया यांच्या रुग्णांत काय बिघडले होते? या विकारात आडव्या उड्या विशेषकरून मंदावतात. तेव्हा बिघाड पॉन्समधल्या इंजिनात असला पाहिजे. हे पडताळायला रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदूचे पातळ छेद घेऊन पेशी मोजाव्या लागतात. हे काम वाडिया आणि ब्युटनर-एनेव्हर यांनी इतरांबरोबर केले. त्यावरचा एक निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या शीर्षकातच या विकाराला 'वाडिया उपप्रकार' असे म्हटले होते. पॉन्समधल्या आडव्या उडीच्या झटका-पेशी खरोखरच नष्ट झालेल्या होत्या. पेन आणि अंगठा घेऊन पाहिलेल्या लक्षणाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला सदतीस वर्षे लागली.

याच्या उलट बाजूचाही एक विकार आहे. टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी तो १९६४ मध्ये वर्णिला. त्यात मध्यमेंदूचा ऱ्हास होतो आणि वर-खालच्या उड्या आधी जातात. अशा वयस्कर माणसाला जिना उतरताना पायरीकडे आणि जेवताना ताटाकडे नजर नेता येत नाही. बाजूला मात्र तो बराच काळ पाहू शकतो. दोन विकार शेजारी ठेवले की मेंदूच्या देठाचे मजले जणू आपोआप वेगळे होतात.

सुटलेला बाण की हातातली दोरी?

या मंद डोळ्यांनी आणखी एक जुनी समजूत मोडली. नजरेची उडी म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, असे मानले जाई. एकदा सुटला की मध्येच वळवता येत नाही. निरोगी डोळ्यात हे तपासणे अवघड, कारण उडी संपायला क्षणही लागत नाही. १९७६ मध्ये डेव्हिड झी, रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच मंद उड्या असलेल्या अमेरिकेतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळा वाटेत असतानाच लक्ष्य दुसरीकडे नेले, तर या रुग्णांची नजर वाटेतच वळू शकत होती. शिवाय इतक्या हळू जाऊनही ती शेवटी ठरलेल्या जागीच थांबत होती.

म्हणजे मेंदू 'इतका वेळ जोर लाव' असा ठोक हुकूम देऊन मोकळा होत नाही. 'किती आलो, किती राहिले' याचा हिशेब तो उडी चालू असतानाच करत असतो. इंजिन कमजोर असेल तर ते जास्त वेळ चालवतो. बाणापेक्षा पतंगाच्या दोरीची उपमा इथे अधिक शोभेल. निरोगी डोळ्याच्या वेगामुळे झाकलेली ही गोष्ट आजाराने उघडी केली.

अक्षरांची माळ

यापुढची गोष्ट जनुकांची. क्यूबाच्या ओल्गीन प्रांतात अशाच विकाराची फार मोठी कुटुंबे होती. त्यांच्या अभ्यासातून १९९३ मध्ये दोषी जनुक बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे समजले. १९९६ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जपान येथील तीन गटांनी ते जनुक एकाच वेळी शोधून काढले. त्यात डीएनएमधील सी-ए-जी ही तीन अक्षरे माळेतल्या मण्यांसारखी ओळीने येतात. बहुतेक निरोगी माणसांत ही तिकडी बावीस वेळा असते. ती तेहतीस किंवा त्याहून अधिक वेळा झाली की आजार होण्याची शक्यता असते. माळ जितकी लांब, तितका आजार साधारणपणे लवकरच्या वयात. पुढच्या पिढीत माळ अधिक लांब होऊ शकते. म्हणून आजोबांना पन्नाशीत, वडिलांना पस्तिशीत आणि मुलाला विशीतच त्रास सुरू झाला, अशी कुटुंबे आढळतात.

१९९८ मध्ये वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रेन'मध्येच सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास मांडला. हाच तो आजार होता, आणि निदानात मंद उड्यांचे महत्त्व त्या निबंधाच्या शीर्षकातच होते. त्या वेळी वाडिया त्र्याहत्तर वर्षांचे होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज हा विकार भारतात आढळणाऱ्या अशा आनुवंशिक असंतुलनांपैकी प्रमुख गणला जातो. रक्ताची चाचणी उपलब्ध आहे. पण कोणती चाचणी आधी करावी हे ठरवताना डॉक्टर आजही रुग्णाला पेनाकडून अंगठ्याकडे पहायला सांगतात. महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाचे विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे. त्याच्या विद्यार्थ्यांना चेतासंस्थेची तपासणी शिकताना डोळ्यांच्या हालचाली तपासायला शिकावेच लागते.

कुटुंबाच्या वाट्याला काय येते?

इतका इतिहास वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. 'नऊ कुटुंबे' हा शब्द निबंधाच्या शीर्षकात सहज बसतो, पण प्रत्येक कुटुंबात कुणाचे तरी वडील, कुणाची तरी बहीण होती. हा आजार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. दहावीच्या वर्गात आपण नाणे उडवून संभाव्यता शिकवतो. या घरांत ते नाणे प्रत्येक जन्माच्या वेळी उडवलेले असते आणि ते कसे पडले हे कित्येक वर्षे कळत नाही.

आज हा आजार बरा करणारा उपचार नाही. व्यायामाने तोल आणि चालणे अधिक काळ सांभाळता येते. मग धडधाकट तरुणाने चाचणी करून घ्यावी का? कुणाला लग्नाआधी, मुले होण्याआधी जाणून घ्यायचे असते. कुणाला ते ओझे नको असते. दोन्ही निर्णय योग्य असू शकतात, म्हणून चाचणीआधी नीट समजावून सांगणारा समुपदेशक लागतो. आणि ही चाचणी दुसऱ्या कोणी लादू नये.

शिक्षकांचा इथे काय संबंध? आपल्या गावात तोल जाऊन चालणाऱ्या, बोबडे बोलणाऱ्या माणसाला 'दारू पिऊन आला' म्हणणे किती सोपे असते ते आपण सगळेच जाणतो. घराला शाप आहे, हे म्हणणे त्याहून सोपे. अशा घरातले मूल वर्गात बसलेले असू शकते. लहान मेंदूच्या आजाराने असे होते आणि त्यात कुणाचा दोष नसतो, ही दोन वाक्ये शरीरविज्ञानाच्या तासाला बोलली गेली, तर त्या मुलाला ती धड्यातल्या आकृतीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक. मुलांच्या जोड्या करा. एकाने परिच्छेद वाचावा, दुसऱ्याने पुस्तकाशेजारी लहान आरसा ठेवून त्यात वाचणाऱ्याचे डोळे पहावेत. एका ओळीत किती उड्या पडतात? ओळखीचा मजकूर आणि अनोळखी मजकूर यांत फरक पडतो का?

दोन. डाव्या हातात पेन्सिल आणि उजव्या हातात खडू, दोन्ही हात अर्ध्या मीटरच्या अंतरावर. समोरच्याला आळीपाळीने त्यांच्याकडे पहायला सांगा. मग खडू सावकाश हलवून फक्त त्याच्याकडे पहायला सांगा. डोळ्यांच्या दोन्ही हालचालींतला फरक मुलांना शब्दांत लिहू द्या.

तीन. समोर काही हलत नसताना, मनानेच 'मी डोळे सावकाश डावीकडून उजवीकडे सरकवतो' असे ठरवून पहा. जमते का? शेजाऱ्याला विचारा. बहुतेकांचे डोळे उड्या मारतच जातात. सावकाश सरकण्याचे यंत्र हलणारी वस्तू मिळाल्याशिवाय सहसा चालू होत नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. या खेळांतून कुणाही मुलाला आजाराचे नाव देऊ नये. डोळे थकणे, झोप अपुरी होणे, काही औषधे यांनीही उड्या मंदावतात. शंका आलीच तर पालकांशी एकांतात बोलावे आणि निदान डॉक्टरांवर सोपवावे.

पुढच्या वेळी गाडीच्या खिडकीशी बसाल तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांकडे जरूर पहा. मुलांना विचारा, की बोगदा आला आणि बाहेर अंधार झाला, तर त्या डोळ्यांचे काय होईल? कसाऱ्याच्या घाटात बोगदे आहेत. उत्तर तिथे पडताळून पाहता येईल.